साठ एकर, कमीजास्त

टनबरी, शनिवार, ३ ऑगस्ट

तीर्थरूप युनिसअक्कास,

धाकट्या मर्टनचा नमस्कार. तुझी प्रकृती, भावजींचा गुडघा आणि तुमच्या अंगणातल्या संत्र्याच्या झाडाची कीड, ही तिन्ही सुधारणेच्या मार्गावर आहेत असं धरून चालतो. (फोनवर तू नेहमी "बरं आहे" म्हणतेस. त्यावरून काही कळत नाही. आई जाण्याच्या आदल्या दिवशीही बरं आहे म्हणाली होती.) इकडे डेल्फीन ठीक, मी ठीक, टोमॅटो अजून हिरवे, डास मात्र पिकून तयार. फोन सोडून पत्र लिहायला का बसलो याचं तुला नवल वाटेल. फोनवर तू मला मध्येच तोडतेस, आणि आजचा विषय मध्ये तोडण्यासारखा नाही. शिवाय काही गोष्टी कागदावर असलेल्या बऱ्या, हे मी या उन्हाळ्यात शिकलो. ते कसं, ते पुढे येईल. माझं गुऱ्हाळ एकदा सुरू झालं की रस आटेपर्यंत वेळ लागतो हे तुला ठाऊक आहे, तेव्हा चहा घेऊन बस.

तर अक्का, तुझा अडुसष्ट वर्षांचा भाऊ सध्या उमेदवारी करतो आहे. डेल्फीननं तुला सांगितलं असेलच, पण तिच्या सांगण्यात मी जरा जास्त हास्यास्पद होतो, म्हणून मूळ हकीकत देतो. गेल्या शरदात मी बोअरचं मशीन विकलं आणि घरी बसलो. जानेवारीत मी मसाल्याच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावल्या. फेब्रुवारीत अक्षरांप्रमाणे लावल्या. मार्चमध्ये मी ओट्याची उंची मोजायला घेतली तेव्हा डेल्फीन म्हणाली, "मर्टन, एकतर तू नोकरी धर, नाहीतर मी धरते." त्याच आठवड्यात वाचनालयाच्या फळ्यावर गावच्या जमीन ट्रस्टचा कागद दिसला. उन्हाळ्यासाठी एक इंटर्न पाहिजे, दहा आठवडे, रानात चालता यावं, नकाशा वाचता यावा, हातोडी धरता यावी. वयाचं काहीच नव्हतं. विसरले ते त्यांचं. मी फक्त त्यांच्या विसरण्याला मान दिला. चाळीस वर्षं धंदा असाच केला.

अर्ज विद्यार्थ्यांसाठी छापलेला होता. "कोणत्या महाविद्यालयात शिकता?" याच्यापुढे मी लिहिलं, जमिनीखाली तीनशे फुटांवर. "तातडीच्या प्रसंगी आईवडिलांचा पत्ता" याच्यापुढे खरं तेच लिहिलं, टनबरी दफनभूमी, तिसरी रांग. ट्रस्टच्या संचालक टॅम्सिनबाई (वय एकोणतीस, सायकलनं येतात, जेवणाच्या डब्यात बहुतेक बिया असतात) मला म्हणाल्या, "मिस्टर गुडेल, ही जागा शिकणाऱ्यांसाठी असते." मी म्हटलं, मग शिकवा. दुसरा एकच अर्ज होता, आणि त्या मुलीला समुद्रकाठी आइस्क्रीमच्या दुकानात जागा मिळाली, त्यामुळे निवड माझी झाली. मला एक पाण्याची बाटली, गोचीड काढायचा चिमटा आणि एक सदरा मिळाला. सदऱ्यावर ट्रस्टचं चिन्ह म्हणून मेपलचं एक पान आहे. माझ्या पोटावर ताणून त्याचं अख्खं झाड होतं. दर शुक्रवारी "या आठवड्यात मी काय शिकलो" असं एक पान लिहून द्यावं लागतं. पहिल्या आठवड्यात मी लिहिलं, "गोचीड सदऱ्याच्या आतून चढते." टॅम्सिनबाईंनी त्यावर लाल पेनानं "अजून सखोल" असा शेरा मारला. मी त्याखाली गोचीड नेमकी कुठे सापडली ते लिहिलं. त्यानंतर लाल पेन बंद झालं.

काम तसं साधं आहे. गावातल्या बऱ्याच लोकांनी आपल्या जमिनीवर घरं उठू नयेत म्हणून ट्रस्टशी कायमचा करार केलेला आहे. जमीन त्यांची त्यांच्याकडे, फक्त बांधायचं काही नाही. तो करार पाळला जातोय का हे बघायला दर उन्हाळ्यात कोणीतरी हद्दीवरून चालत जायचं, झाडांवर छोट्या पाट्या ठोकायच्या, फोटो काढायचे आणि एक तक्ता भरायचा. या गावात दोनशे घरांखालचं पाणी मी काढलंय, त्यामुळे कुठे काय आहे हे मला नकाशापेक्षा जास्त कळतं असा माझा समज होता. हा समज दुसऱ्या आठवड्यात पिंकहॅमच्या कुरणात बुडाला, माझ्यासकट. नकाशात कुरण होतं. प्रत्यक्षात बीव्हरनं दातांनी झाडं पाडून ओढ्यावर बांध घालून तिथं तळं केलं होतं, आणि वर हिरवं शेवाळ इतकं सपाट की मी त्यावर आत्मविश्वासानं पाय ठेवला. कमरेएवढ्या चिखलात उभं राहून मी तक्ता भरला. "नवीन बांधकाम आढळले काय?" आढळले. "कोणी केले?" बीव्हर. "परवानगी होती काय?" दिसत नाही. मला वाटलं वाचणारा हसेल. पण ते तक्ते कोणी वाचत नाही, ते संगणक वाचतो, आणि पुढच्या सोमवारी पिंकहॅमला नोटीस गेली की तुमच्या जमिनीवर बी. व्हर नावाच्या इसमानं विनापरवाना बांधकाम केलं आहे, तीस दिवसांत काढून टाकावं.

पिंकहॅमनं ती नोटीस शनिवारी कचरा डेपोवर आणली. (तू गेल्यापासून डेपोत काही बदललेलं नाही. अजूनही शनिवारी सकाळी अर्धं गाव पिशव्या टाकायला येतं आणि दुपारपर्यंत हलत नाही.) बाटल्यांच्या पिंपावर चढून त्यानं ती मोठ्यानं वाचून दाखवली. लोक हसले, मीही हसलो. पण माझे कान कसे आहेत ते तुला माहीत आहे. हसण्याच्या मागून काचेच्या पिंपापाशी दोघंजण बोलत होते ते मला स्वच्छ ऐकू आलं. एक म्हणाला, "गुडेल उगाच पाट्या ठोकत हिंडतोय होय? वाळू कुठे आहे ते हुडकतोय." दुसरा म्हणाला, "वाळू नाही रे. म्हातारीची जमीन. कोलबर्नबाईची. हद्द लागूनच आहे की त्याच्या रानाला." मी बाटल्या एकेक करून टाकल्या, म्हणजे आणखी ऐकू येईल, पण बाटल्यांच्या आवाजात पुढचं गेलं.

आणि इथून अक्का, गोष्ट तुझ्याकडे वळते.

व्हेस्टा कोलबर्न आता एकोणऐंशीची आहे. कंबर दुखते, पण ती कंबर धरत नाही, काठी धरते, आणि काठी कशाला असं विचारलं तर कुत्र्यांसाठी म्हणते. गावात कुत्री तीन आहेत. सप्टेंबरात ती मुलीकडे राहायला जाणार, आणि ती गेली की शेताचा सगळा कारभार तिच्या पुतण्याकडे. पुतण्यानं आत्ताच कुरणात अकरा काठ्या रोवून ठेवल्यात, एकेका घराची एकेक काठी. व्हेस्टा रोज सकाळी जाऊन त्यातली एक उपटते आणि घरी आणून चुलीत घालते. तो पुन्हा रोवतो. ती जायच्या आत ट्रस्टशी करार व्हावा एवढंच तिचं मागणं आहे. ट्रस्टच्या मंडळाची बैठक वीस ऑगस्टला. त्यानंतरची बैठक थेट ऑक्टोबरात, म्हणजे काठ्या जिंकल्या.

करारात अडचण निघाली ती गुऱ्हाळाची. वसंतात मेपलचा रस आटवायची ती त्यांची जुनी शेड, व्हेस्टाच्या सासऱ्यानं बांधलेली, जिच्या धुराड्याखाली उभं राहून तू आणि मी बर्फावर ओतलेला पाक खायचो. ट्रस्टच्या वकिलानं तीस वर्षांपूर्वीच्या मोजणीचा नकाशा काढला आणि त्यावर रेघ ओढली. रेघ ओढ्यापासून निघते ती कोपऱ्यातल्या दगडांच्या राशीपर्यंत. त्या रेघेप्रमाणे गुऱ्हाळ कोलबर्नांच्या जमिनीत नाही. आपल्यात आहे. आबांच्या रानात, जे आबांनी तुझ्या आणि माझ्या नावावर ठेवलं, "साठ एकर, कमीजास्त". दुसऱ्याच्या जमिनीवर उभी असलेली शेड कराराला चालत नाही. ट्रस्ट म्हणे आधी हा घोळ मिटवा.

मी म्हटलं, त्यात काय, मी आणि अक्का सही करून ती पावणेदोन एकराची चिंधी व्हेस्टाला देऊन टाकतो. टॅम्सिनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. (बियांनी माणूस हळवा होत असावा.) आम्ही दोघं व्हेस्टाकडे गेलो. ती वाटाणे सोलत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मर्टन, मी आजवर कुणाकडून जमीन दान घेतली नाही. कागद म्हणतो तुझी, तर तुझी."

"पण गुऱ्हाळ तुझं आहे ना?"

"गुऱ्हाळ माझं आहे. जमीन कुणाची ते कागदाला विचार."

"अगं, पुतण्या घरं बांधेल अकरा."

"दहा," ती म्हणाली. "आजची काठी जळली." आणि वाटाणे सोलायला लागली. म्हणजे तिला ती जागा हवी, पण हक्काची हवी. भेट दिली तर घेणार नाही. परत येताना टॅम्सिनबाई म्हणाल्या की असं कोणी का करेल? त्या शहरातून आल्या आहेत.

मग पुढच्या मंगळवारी मी उमेदवार या नात्यानं ती हद्द चाललो. हातात आबांचं खरेदीखत, खिशात ते उपग्रहाशी बोलणारं यंत्र, बरोबर टॅम्सिनबाई आणि रॉइस नावाचा मोजणीदार. रॉइस हा कोरडा माणूस आहे. दिवसाला नऊदहा वाक्यं बोलतो आणि त्यातली निम्मी आकडे असतात. गडग्याच्या कडेकडेनं, काट्यांतून, दगडांच्या राशीपर्यंत आलो. राशीत लोखंडी खुंटी ठोकलेली, तीस वर्षांपूर्वीची. रॉइस म्हणाला, "कोपरा." मी राशीकडे बघितलं. वरून तिसरा दगड अर्धा गोल होता, मध्ये भोक, कडेला घासल्याच्या रेषा. आबांच्या फुटलेल्या धार लावायच्या चाकाचा अर्धा. तो तिथवर मी लोटत आणला होता, आठ वर्षांचा असताना, आणि त्यानं माझ्या अंगठ्याचं नख गेलं होतं. नख अजून वाकडं आहे.

मी म्हटलं, "हा कोपरा नाही. ही कोलबर्नांच्या कोंबड्याची कबर आहे."

रॉइसनं त्या दिवसाचं उरलेलं सगळं बोलणं एकदम वापरून टाकलं.

आता अक्का, तुला आठवत नसेल तर मी आठवण करून देतो, आणि आठवत असेल तर तू शांत बस. मी आठ, तू तेरा, व्हेस्टा नुकतीच लग्न होऊन शेजारी आलेली, एकोणीस. जून महिना, रविवार, आबा चर्चच्या सभेला गेलेले. तू दाण्याचं एक पोतं पाठीला मारून निघालीस आणि मला म्हणालीस की कोलबर्नांचा म्हातारा कोंबडा मेला, व्हेस्टा रडतेय, आपण त्याला पुरायचं. खऱ्या कोपऱ्यापाशी खाली सगळा कातळ, खणता येईना, म्हणून चाळीस पावलं पलीकडे, व्हेस्टाच्या बाजूला, मऊ मातीत खड्डा. खड्डा आधीच तयार होता. (आठव्या वर्षी याचं मला काही वाटलं नाही.) कोल्हा उकरेल म्हणून वर दगड हवेत, आणि जवळात जवळ दगड म्हणजे कोपऱ्यावरची रास. ती सगळी रास मी एकट्यानं उचलून आणली. पहिला दगड मी पोत्यावर टाकला तेव्हा पोतं कण्हलं. लांब, खालच्या सुरात, शेवटी थोडं वर जात. मी पळायच्या बेतात होतो. तू माझी कॉलर धरून म्हणालीस, "घाबरू नको, त्याचा आत्मा निघाला." त्यानंतर कितीतरी वर्षं माझी पक्की समजूत होती की कोंबडा मेल्यावर कण्हतो. दुसऱ्या आठवड्यात तोच कोंबडा गडग्यावर उभा राहून आरवत होता, तेव्हा तू सांगितलंस की हा त्याचा भाऊ.

त्याच आठवड्यात आबांचं अकॉर्डियन, ते छातीवर धरून भाता ओढत वाजवायचं बटणांचं वाद्य, नाहीसं झालं. आणि त्याच आठवड्यात माझ्याकडे मासे धरायची नवी काठी आली होती, जी मी फेरीवाल्याकडून माझा चाकू देऊन घेतली होती. आबांनी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या आणि निकाल दिला. सबंध उन्हाळा मी बटाट्याच्या शेतातले दगड वेचून गडग्यावर चढवत होतो. रोज संध्याकाळी आबा विचारायचे, "आता सांगतोस कुठे विकलं ते?" मी म्हणायचो, मी नाही. तू जेवणाच्या टेबलावर खाली मान घालून बटाटे कुस्करायचीस. (मी रागावलेलो नाही. त्या उन्हाळ्यात मला कळलं की जमिनीच्या वर जे दिसतं त्याच्यापेक्षा खाली जास्त असतं, आणि पुढे त्याच्यावर मी घर बांधलं, दोन ट्रक घेतले आणि मुलं शिकवली. शिक्षा चुकीची होती, पण शिक्षण म्हणून पाहिलं तर टॅम्सिनबाईंच्या दहा आठवड्यांपेक्षा बरं होतं.)

खणायचं ठरलं. जागा व्हेस्टाच्या ताब्यात, म्हणून तिची परवानगी मागितली. ती म्हणाली, "खण. तुला खणायला कुणी शिकवलं ते मला माहीत आहे." याचा अर्थ तेव्हा मला लागला नाही. गुरुवारी सकाळी मी, रॉइस आणि टॅम्सिनबाई फावडी घेऊन गेलो. व्हेस्टा काठीवर दोन्ही हात ठेवून उभी. दगड बाजूला केले, मी फूटभर खणलं. हाडं नाहीत. दीड फूट. एकही हाड नाही. रॉइस घड्याळ बघायला लागला. मग फावड्याला काहीतरी किणकिणलं. मी वर बघितलं तर व्हेस्टा पाठ फिरवून घरी चालली होती, कंबरेच्या मानानं बरीच झपाझप.

निघालं ते असं. मोत्यासारखी पांढरी बटणं, बावीस. चामड्याच्या पट्ट्याची बकल. लाकडाचा भुगा. आणि पितळेच्या पट्ट्या, लहानमोठ्या, हिरव्या पडलेल्या. टॅम्सिनबाई म्हणाल्या, "हे कसले कोंबड्याचे अवशेष?" मी एक पट्टी पाटलोणीला घासली, ओठांत धरली आणि फुंकली. लांब, खालच्या सुरात, शेवटी थोडं वर जात. साठ वर्षं झाली, पण कान माझे तेच आहेत.

मी तिथंच बसलो, अक्का. रॉइस समजूतदारपणे कोपऱ्याकडचा कातळ मोजायला गेला. त्याला कातळावर जुन्या राशीचा गोल डाग सापडला, भोवती दगडफूल आणि मध्ये नाही. पण तो म्हणतो, डाग पुरेसा नाही. रास हलवली हे सांगणारा माणूस हवा, आणि मी शेजारचा मालक असून वर ट्रस्टचा उमेदवार, दोन्हीकडून माझा शब्द कच्चा. (त्यासाठी ट्रस्टचा एक वेगळा फॉर्म आहे. तोही मी भरला.) दोन साक्षी हव्यात.

पट्टी खिशात घालून मी व्हेस्टाकडे गेलो. तिनं दार उघडलं, पट्टी बघितली आणि म्हणाली, "पाय पूस."

मी म्हटलं, "व्हेस्टा, खड्डा तू खणलास. तो कोपरा नाही हे तुला पहिल्यापासून माहीत आहे. सही कर आणि मोकळी हो."

"मी कुणाला तरी सांगितलंय की बोलणार नाही म्हणून."

"कुणाला?"

"ती आता नाहीये. म्हणून सोडवायलाही कुणी नाही."

"अगं, त्यापायी गुऱ्हाळ जाईल. शेत जाईल."

"मग जाईल," ती म्हणाली. पाणी ठेवलं. दोन कप काढले. मग म्हणाली, "युनिसही होती तिथं. युनिसनं आधी सांगितलं, तर मग मी नवीन काय सांगणार? विचारतील त्याला हो म्हणेन." आणि चहात साखर घालताना सहज म्हणावं तसं म्हणाली, "पोतं तुमच्या घरचंच होतं. तोंड कसं शिवलं होतं बघितलंस का तेव्हा? दुहेरी टाका."

आपल्या घरात दुहेरी टाका कोण घालायचं हे मी तुला लिहायला नको.

तर इकडची खबर ही अशी आहे. बाकी सर्व ठीक. उमेदवारीचे तीन आठवडे उरले आहेत. टॅम्सिनबाईंनी माझं मधलं मूल्यमापन केलं, त्यात "पुढाकार घेतो" याच्यापुढे "थांबवता येत नाही" असं आहे आणि "सहकाऱ्यांशी वर्तन" याच्यापुढे "लागू नाही". भावजींना नमस्कार सांग. संत्र्याला कडुनिंबाचं तेल मारून बघा.

तुझा धाकटा भाऊ,
मर्टन

ता. क. पाकिटात एक प्रतिज्ञापत्र आहे. वकिलानं तयार केलंय, मी नाही, म्हणून भाषा तशी आहे. "मी, खाली सही करणार, असे शपथेवर लिहून देते की सदर दिवशी सदर जागी मी ______ पुरले व त्यावर हद्दीच्या कोपऱ्यावरील दगड ठेवविले." रिकाम्या जागेत तू स्वतःच्या हातानं भरायचं आहे. कोंबडा लिहू नकोस. नोटरीसमोर सही करून दहा तारखेच्या आत टाक, म्हणजे वीसच्या बैठकीला पोचेल. सोबतचा दुसरा कागद हद्द मान्य असल्याचा आहे, त्यावर माझी सही झाली आहे. त्यानं आपलं रान पावणेदोन एकरानं कमी होतं. तसं खरेदीखतात "कमीजास्त" लिहिलेलंच आहे. ते यासाठीच लिहीत असावेत.

ता. क. दोन. व्हेस्टाला वेगळी एक ओळ टाक. आईचं नाव घेऊ नकोस, तिला चालणार नाही. "मी सांगितलं आहे" एवढं पुरे. आज सकाळी ती कुरणात दिसली. आठ काठ्या उरल्यात. पण पुतण्यानं नवा भारा आणलाय.

ता. क. तीन. पाकिटात पितळेची पट्टीही आहे, ती माझ्या खिशातून चुकून आलेली नाही. फुंकून बघ, भावजी झोपलेले नसताना.

ता. क. चार. पत्र बंद केलं होतं, पण डेल्फीन म्हणाली, सगळं लिहिलंस आणि तेच लिहिलं नाहीस. म्हणून पुन्हा उघडलं. वर मी चुकीच्या शिक्षेचं बरंच लिहिलं आहे, त्यातून तुला असं वाटेल की आबा जाईपर्यंत माझ्यावर रुष्ट होते. तसं नाही. त्यांच्या शेवटच्या शरदात आम्ही दोघं ओसरीवर बसलो होतो. आत आई भांडी लावत होती. आबा हळूच म्हणाले, "मर्टन, ते अकॉर्डियन कुठे टाकलंस ते मी आता विचारत नाही. पण बरं केलंस बाबा. मला ते वाजवायचा भारी कंटाळा यायचा. तुझ्या आईला आवडायचं म्हणून वाजवत होतो." आणि माझ्या हातावर थोपटलं. मी आईला हे कधी सांगितलं नाही, कारण मलाही वाटायचं की तिला आवडायचं. आणि आबांनाही सांगितलं नाही की मी नव्हतो. त्यांनी आभार मानले आणि मी घेतले. तीस वर्षं वापरले, अक्का. ते माझे नव्हते. निम्मे आईचे आणि निम्मे तुझे, कमीजास्त. आईकडे, तिसऱ्या रांगेत, आज संध्याकाळी चक्कर मारतो. तुझे या पत्रासोबत पाठवले आहेत.